खुराड्यांतील घरघर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं चारदोन गावरान कोंबड्या असतातच. त्यांस कोणी धन समजत नाहीं. परंतु घरांतलें तेलमीठ संपलें, मुलास वह्या हव्या झाल्या, किंवा दुखणेकऱ्यास नागपुरास नेण्याचा प्रसंग आला, म्हणजे घरधनीण पहिल्यानें खुराड्याकडेच पाहते. अंड्यांचा पैसा बहुधा बाईच्या हातीं राहतो, आणि तो लेकरांच्याच तोंडीं जातो. म्हणून आठ दिवसांत खुराडें रिकामें झालें तर ती हानि लहान म्हणतां येत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही नागपूर जिल्ह्यांतील एका गांवीं गेलों असतां तेथील एका बाईनें आपलें रिकामें खुराडें आम्हांस दाखविलें. तिच्या पंधरा कोंबड्या होत्या. एक शिंकूं लागली, तेव्हां थंडीची सर्दी असेल असें म्हणून तिनें हळद व लसूण चारली. तिसऱ्या दिवशीं पांच कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊं लागल्या. तेव्हां घरच्या माणसांनीं विचार केला कीं, मरण्यापूर्वीं विकलेल्या बऱ्या; आणि चार पक्षी आठवडी बाजारांत गेले. त्यांतील दोन तिच्याच मावसबहिणीनें, न कळतां, दुसऱ्याच्या हातून विकत घेतले. दोन आठवड्यांत दोन्ही घरांचीं खुराडीं ओस पडलीं. ती बाई आम्हांस म्हणाली, “माझ्या कोंबड्या मेल्या त्याचें दुःख सरलें, बहिणीच्या मेल्या त्याचें सरत नाहीं.”

ह्या लेखांत आम्हांस सांगावयाचें तें एवढेंच: घरघर हें रोगाचें नांव नव्हे, तें केवळ चिन्ह होय. एकाच चिन्हामागें निरनिराळे रोग असतात. कांहीं साधे, कांहीं सर्व गांव उजाड करणारे. म्हणून औषध शोधण्यापूर्वीं पाहावें, मोजावें आणि वेगळें करावें; व रोगट पक्षी आपल्या आवाराबाहेर जाऊं देऊं नये.

१. कोंबडीचा श्वास

कोंबडीचा श्वास मनुष्याच्या श्वासासारखा चालत नाहीं. तिचीं फुप्फुसें लहान असून बरगड्यांस चिकटलेलीं असतात. त्यांस जोडलेल्या पातळ पडद्यांच्या हवेच्या पिशव्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात, व त्यांचे फांटे कांहीं हाडांच्या पोकळींतहि शिरतात. ह्यामुळें नाकावाटें आंत गेलेली धूळ, बुरशी किंवा रोगजंतु शरीरांत खोलवर पोहोंचावयास वेळ लागत नाहीं. शिवाय छाती व पोट ह्यांच्यामध्यें श्वास ओढणारा जो स्नायूचा पडदा मनुष्यास असतो तो कोंबडीस नाहीं. तिची छाती पुढेंमागें हलली तरच तिचा श्वास चालतो. म्हणून आजारी कोंबडी घट्ट आवळून धरूं नये, आणि पाय बांधून उलटी तर मुळींच लटकवूं नये. मुलांस ही गोष्ट अवश्य सांगावी.

२. पाहण्याची व मोजण्याची रीत

रोगाची पहिली खबर डोळ्यापेक्षां कानास आधीं लागते. रात्रीं कोंबड्या दांडीवर बसून शांत झाल्या म्हणजे दिवा न लावतां खुराड्याजवळ थोडा वेळ उभें राहावें. निरोगी कोंबड्यांचा श्वास ऐकूं येत नाहीं. घरघर, शीळ घातल्यासारखा आवाज, किंवा वारंवार शिंक ऐकूं आली, तर सकाळीं दार उघडण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या: डोळ्यांत फेंस किंवा पाणी आहे काय, नाकपुड्या चिकटल्या आहेत काय, तोंड सुजलें आहे काय, तुरा लाल आहे कीं निळा पडला आहे, विष्ठा हिरवी व पातळ आहे काय, दाणे टाकल्यावर कोण मागें राहतें.

नंतर चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत तारखेसह लिहून ठेवावीं. आजारी किती व मेल्या किती? हें किती दिवसांत झालें? आजारी आहेत त्या पिलें कीं मोठ्या कोंबड्या? आणि गेल्या दोनतीन आठवड्यांत नवीन पक्षी, बाजारांतून परत आणलेला पक्षी, उसना पिंजरा किंवा नवें खाद्य घरीं आलें काय? हीं चार उत्तरें घेऊन जो पशुवैद्यकीय दवाखान्यांत जातो त्याचें अर्धें काम तेथें जाण्यापूर्वींच झालेलें असतें. ज्यास लिहितां येत नसेल त्यानें शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यांत उन्हाचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा दुपारीं सर्वच कोंबड्या चोंच उघडून धापा टाकतात व पंख अंगापासून दूर धरतात. नाकडोळे कोरडे असले, घरघर नसली, व संध्याकाळीं गारवा पडतांच धाप थांबली, तर तो रोग नव्हे, उन्हाची तलखी होय. त्यास सावली व गार पाणी हाच उपाय. परंतु तो ताबडतोब केला पाहिजे, कारण उन्हानेंहि कोंबड्या मरतात.

३. रोगांची ओळख

मानमोडी. ह्यास राणीखेत असेंहि म्हणतात. इ. स. १९२६ मध्यें हा रोग जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराजवळ ओळखला गेला. त्यानंतर लवकरच तो हिमालयाच्या कुमाऊं भागांतील राणीखेत येथें आढळला, म्हणून आपल्या देशांत त्यास तें नांव पडलें. हा विषाणूचा रोग आहे. प्रथम शिंका, घरघर व तोंड उघडून श्वास घेणें. मग हिरवी पातळ हगवण. आणि जे पक्षी कांहीं दिवस जगतात त्यांची मान पिळवटते, पंख किंवा पाय लुळा पडतो. अंडीं एकाएकीं कमी होतात, किंवा मऊ कवचाचीं पडतात. लस न टोंचलेल्या कळपांत शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक पक्षीहि मरूं शकतात. मान मोडल्याशिवाय ती मानमोडी नव्हे, असें पुष्कळ लोक समजतात, तसें नाहीं. रोग जोराचा असला तर मान वांकडी होण्यापूर्वींच पक्षी मरून जातो.

सांसर्गिक सर्दी. हिला कोरायझा म्हणतात. ही जिवाणूंपासून होते. एक दोन दिवसांतच ती एकापासून दुसरीस लागते. चेहरा एका किंवा दोन्ही बाजूंस सुजतो, डोळे मिटतात, व नाकांतून घट्ट, दुर्गंधी स्राव येतो. हा वास एकदां ज्यानें घेतला तो विसरत नाहीं. दुसरा रोग जोडीस नसला तर मरणाऱ्या थोड्या, पण अंडीं बंद होतात. पशुवैद्याच्या औषधानें गुण येतो. तथापि बरी झालेली कोंबडी तो जंतु नाकांत बाळगून राहते, आणि नव्या पक्ष्यांस देते.

जुनाट घरघर. मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूपासून होणारा हा रोग मंद चालतो. महिनोमहिने रात्रीची घरघर, डोळ्यांत फेंस, अंग वाळणें, अंडीं कमी; मरण क्वचित्. तो अंड्यावाटें आईकडून पिलास जातो. कोंदट हवा, विष्ठेचा उग्र वास, थंडी, किंवा दुसरा रोग ह्यांनीं तो बळावतो. असल्या कोंबडीचीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं उबवावयास ठेवूं नयेत.

देवी. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या आल्या म्हणजे देवी सर्वांस ओळखतां येतात. परंतु ह्याच रोगाचा एक ओला प्रकार तोंडांत व घशांत होतो. तेथें पिंवळट साय धरते, व श्वास कोंडून पक्षी मरतो. म्हणून श्वास अडलेल्या कोंबडीची चोंच उघडून उजेडांत घसा पाहावा. ती साय ओढून काढूं नये; रक्त येतें व जखम वाढते.

बुरशीचा रोग. हा बहुधा पिलांस होतो. पिलूं मान लांबवून धाप टाकतें, परंतु घरघर मात्र फारशी ऐकूं येत नाहीं. पावसाळ्यांत भिजलेला कडबा, कुबट तूस किंवा बुरसलेला कणीकोंडा हें त्याचें मूळ. ह्यावर औषधाचा भरवसा नाहीं. ओलें अंथरूण व कुबट दाणा त्याच दिवशीं काढून टाकावा.

ह्यांशिवायहि श्वासाचे दुसरे विषाणु आहेत. एका रोगांत पिलें शिंकतात व मोठ्या कोंबड्या सुरकुतलेल्या कवचाचीं अंडीं घालतात. दुसऱ्यांत कोंबडी खोकतांना रक्त उडतें. त्यांचा निश्चय घरीं होत नाहीं. तो पशुवैद्य व प्रयोगशाळा ह्यांनींच करावा. नागपुरांत पशुवैद्यकीय महाविद्यालय इ. स. १९५८ पासून आहे, व राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें मुख्य ठाणेंहि ह्याच शहरीं आहे. ह्या बाबतींत आमचे वाचक इतर पुष्कळ जिल्ह्यांपेक्षां सुदैवी आहेत.

४. जेथें थांबावें व कळवावें

बर्ड फ्लू हें नांव आतां सर्वांस ठाऊक आहे. इ. स. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें हा रोग भारतांतील कोंबड्यांत प्रथम आढळला, आणि तेथें लाखों पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं सुमारें ८०० कोंबड्या त्यानें मेल्या. मार्च २०२४ मध्यें तो नागपुरांतील सरकारी कुक्कुट केंद्रांतच निघाला, व तेथील हजारों पक्षी नष्ट करण्यांत आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रांतील तीन वाघ व एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेंत तपासणी झाल्यावर तोच विषाणु त्यांच्या शरीरांत सांपडला. जो रोग वाघास मारतो तो घरच्या मांजरास सोडील असें कोण म्हणेल? म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्यामांजरांपुढें कधींहि टाकूं नये.

ह्या रोगांत घरघर असेलच असें नाहीं. धडधाकट कोंबड्या एकाएकीं मरतात; तुरा व गलोल निळे पडतात; डोकें सुजतें; पायांच्या कातडीखालीं रक्ताचे डाग दिसतात. एका दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, किंवा गांवांत कावळे व इतर पांखरेंहि मरून पडूं लागलीं, तर पक्षी उचलून दवाखान्यांत नेऊं नये, कापूं नये, सोलूं नये. दवाखान्यास किंवा १९६२ ह्या पशुसेवेच्या फोनवर कळवावें, म्हणजे वैद्य स्वतः येतात. असा रोग कळविणें हें इ. स. २००९ च्या पशुरोगविषयक कायद्याप्रमाणें मालकाचें कर्तव्यच आहे. सरकारी हुकमानें मारलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाई मिळण्याची तजवीज आहे. आधींच मरून गेलेल्यांबद्दल ती नाहीं. तेव्हां जो लपवितो तो आपलेंच नुकसान करितो. मनुष्यास हा रोग क्वचितच होतो, परंतु झाला तर जिवावर बेततो. पक्ष्यांच्या संगतींत असलेल्या माणसास ताप व दम लागला तर डॉक्टरास तसें स्पष्ट सांगावें. जेथें असा रोग नाहीं तेथें पूर्ण शिजविलेलें मांस व अंडें खाण्यास भिण्याचें कारण नाहीं.

५. घरीं काय करावें

पहिली घरघर ऐकूं येतांच आजारी पक्षी वेगळ्या डालीखालीं, घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावा. उरलेल्या कोंबड्या त्या दिवसापासून मोकळ्या सोडूं नयेत. दाणापाणी आधीं निरोग्यांस द्यावें, मग आजाऱ्यांस. उलट कधींहि करूं नये. आजाऱ्यांचें भांडें निराळें असावें. मागाहून हात साबणानें धुवावे, व पायांतील चपलाहि धुवाव्या. कारण रोग जसा वाऱ्यानें जातो तसाच तो चपलेस लागलेल्या विष्ठेनेंहि जातो.

आजारी पक्ष्यास सावली, ऊब व स्वच्छ पाणी द्यावें. कोमट पाण्यांत चिमूटभर मीठ घालून त्यानें डोळे व नाकपुड्या मऊ फडक्यानें पुसाव्या, व तें फडकें जाळावें. पाण्यांत थोडा गूळ घालून दिला तर अशक्त पक्ष्यास आधार मिळतो; तो रोग मात्र बरा करीत नाहीं. खुराड्यांत कडुनिंबाचा धूर करण्याची जी चाल आहे ती सोडावी. ज्यास श्वासच घेतां येत नाहीं त्यास धुरांत कोंडणें हा उपाय नव्हे.

खुराड्याची हवा तपासावयाची असेल तर कोंबडीच्या उंचीवर डोकें नेऊन, आंत तोंड घालून पाहावें. आपल्या डोळ्यांस झोंबलें तर रात्रभर तेथें बसणाऱ्या पक्ष्यास काय होत असेल तें समजावें. अंथरलेला तूस कोरडा असावा. ओला झालेला भाग रोज काढावा, व अधूनमधून थोडा चुना मिसळावा. हिवाळ्यांत थंडीच्या भीतीनें खुराड्याचीं सर्व छिद्रें चिंध्यांनीं बुजवितात. हें फार घातक आहे. वारा अंगावर येतो त्या बाजूस गोणपाट टांगावें, पण वर, छपराजवळ, वाफ निघून जाण्यास वाट ठेवावी.

मेलेला पक्षी विहीर, ओढा व वस्ती ह्यांपासून दूर, कुत्र्यास उकरतां येणार नाहीं इतक्या खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. खुराडें आधीं खरवडावें, मग साबणाच्या पाण्यानें धुवावें, मगच चुन्याचा हात द्यावा. कारण घाणीवर मारलेलें औषध घाणींतच मरतें. नंतर चांगलें ऊन खाऊं द्यावें.

६. औषधांविषयीं

मानमोडी व बर्ड फ्लू ह्यांवर औषध नाहीं, ही गोष्ट मनांत पक्की धरावी. दुकानांतून माणसांच्या गोळ्या आणून कुटून चारणें हें पैसे पाण्यांत टाकणें होय. जिवाणूंच्या रोगांत प्रतिजैविक औषध उपयोगी पडतें. परंतु कोणतें, किती व किती दिवस, हें पशुवैद्यानेंच ठरवावें. गुण येतांच मध्येंच औषध सोडलें तर जंतु त्यास सरावतात, आणि पुढें तेंच औषध निरुपयोगी होतें. औषध चालू असतां व त्यानंतर वैद्य सांगेल तितके दिवस त्या कोंबडीचीं अंडीं व मांस खाऊं नये, विकूंहि नये.

७. लस

ज्या रोगास औषध नाहीं त्या मानमोडीस लस मात्र उत्तम आहे. पिलूं पांच ते सात दिवसांचें झालें म्हणजे लासोटा किंवा एफ जातीच्या लशीचा एक थेंब डोळ्यांत अगर नाकपुडींत घालतात. चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हां देतात. आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही जोराची लस टोंचतात. ही शेवटची लस लहान पिलांस देऊं नये. ती त्यांस सोसत नाहीं. पुढील मात्रांचा काळ दवाखान्यांत विचारून भिंतीवर लिहून ठेवावा.

लस फुकट जाण्याचीं कारणें बहुधा आपल्याच हातचीं असतात. ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावी लागते. खिशांत घालून उन्हांतून आणलेली लस म्हणजे नुसतें पाणी. बर्फ घातलेल्या थर्मासमधून ती आणावी, सावलींत कालवावी, व तासा दोन तासांत संपवावी. आजारी कळपास ती देऊं नये. दिल्यावर अंगांत पूर्ण बळ येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणून रोग शेजारीं आल्यावर धांवण्यापेक्षां हिवाळ्यापूर्वीं व उन्हाळ्यापूर्वींच ती द्यावी.

एका कुपींत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात, आणि एका घरीं कोंबड्या आठदहा. म्हणून हें काम एकट्याचें नव्हे. दहा बारा घरांनीं मिळून एक दिवस ठरवावा. पहांटे, दारें उघडण्यापूर्वीं, एकानें पक्षी धरावा, दुसऱ्यानें थेंब घालावा, तिसऱ्यानें मोजावें. एका घरानें लस घेतली व शेजारच्या नऊ घरांनीं घेतली नाहीं, तर रोगास गांवांत जागा राहतेच.

८. बाजाराचा दिवस

शेवटीं आम्ही आरंभींच्या गोष्टीकडे येतों. आजारी कोंबडी विकणारा मनुष्य दुष्ट असतो असें आम्ही म्हणत नाहीं. तो बहुधा गरजू असतो. परंतु त्याच्या टोपलींतून जो रोग जातो तो विकत घेणाराच्या घरीं, बाजारांतील इतर टोपल्यांत, आणि उसन्या पिंजऱ्यावाटें पुन्हां त्याच्याच अंगणांत येतो. दोनशें रुपयांसाठीं दोन गांवांचीं अंडीं जातात. म्हणून घरघर सुरू झाल्यापासून शेवटचा पक्षी बरा होऊन तीन आठवडे होईपर्यंत त्या आवारांतून पक्षी, अंडीं, विष्ठेचें खत किंवा पिंजरा बाहेर जाऊं देऊं नये. आणि शेजाऱ्यांस उघडपणें सांगावें. तसेंच बाजारांतून आणलेला प्रत्येक नवा पक्षी, तो कितीहि टवटवीत दिसो, तीन आठवडे वेगळा ठेवावा. सांगण्यास संकोच वाटतो हें आम्ही जाणतों. पण त्या बाईस कोणी आधीं सांगितलें असतें, आणि तिनें बहिणीस सांगितलें असतें, तर निदान एक खुराडें वांचलें असतें.

ज्यांस वाचतां येतें त्यांनीं हा धडा संध्याकाळीं चारपांच घरच्या बायकांस एकत्र बसवून वाचून दाखवावा, व पुढील प्रश्न विचारावे.

प्रश्न

१. रात्रीं खुराड्याजवळ उभें राहून काय ऐकावें?
२. दवाखान्यांत जातांना कोणतीं चार उत्तरें बरोबर न्यावीं?
३. उन्हाची धाप व रोगाची धाप ह्यांतील भेद कसा ओळखावा?
४. मान वांकडी झाली नाहीं तरी मानमोडी असूं शकते काय?
५. कोणत्या प्रसंगीं मेलेला पक्षी दवाखान्यांत न नेतां वैद्यासच बोलवावें?
६. दाणापाणी देतांना आधीं कोणाकडे जावें, व कां?
७. आपल्या गांवांत एकंदर किती कोंबड्या आहेत, व लशीची एक कुपी किती घरांस पुरेल? हिशेब करून दिवस ठरवा.